‘ह्यूमन आफ्टर ऑल’: समीक्षक चुकले, की श्रोत्यांचे कान बदलले?

मंद्रसप्तक:
डॅफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ हा २००५ सालचा आल्बम मी नुकताच प्रथम सलग ऐकला. त्यांचा आधीचा आल्बम ‘डिस्कव्हरी’ (२००१) मला जवळजवळ पाठ असल्यामुळे अपेक्षा मोठी होती. प्रत्यक्षात पहिल्या तीन-चार रचनांनंतर तेच वाक्य आणि तोच गिटारचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून मी वैतागलो. आल्बम आला त्या वेळी बहुतेक समीक्षकांनीही पुनरावृत्तीचा आणि घाईचा ठपका ठेवला होता. मात्र आज अनेक जाणकार श्रोते याच आल्बमची आवर्जून भलावण करताना दिसतात. हे मत नेमके कशामुळे पालटले? आणि मला जे ऐकू येत नाही, ते त्यांना कोठे ऐकू येते?

तिहाई:
मत पालटले ते मुख्यतः मंचावर. २००६ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात या दोघांनी प्रकाशमान पिरॅमिडच्या आत उभे राहून जो कार्यक्रम केला, त्यात आणि पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात या आल्बममधील रचना जुन्या गाण्यांवर चढवलेल्या होत्या. पॅरिसमधील बेर्सी येथे जून २००७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘अलाइव्ह २००७’ ऐकल्यास मुद्दा लगेच ध्यानात येईल. तेथे ‘टेलिव्हिजन रूल्स द नेशन’ची जड, संथ चाल ‘डिस्कव्हरी’तल्या ‘क्रेसेंडॉल्स’च्या जल्लोषाला येऊन भिडते, आणि ‘टू लाँग’ या जुन्या रचनेशी ‘स्टीम मशीन’चा खरखरीत श्वास जोडला जातो.

हे साधले याचे कारण त्या रचनांच्या कृशपणातच आहे. ‘डिस्कव्हरी’तील गाणी स्वरसंगती, गायन आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले नमुने यांनी इतकी भरलेली आहेत, की त्यांवर आणखी काही ठेवायला गेल्यास गर्दी होते, याउलट ‘ह्यूमन आफ्टर ऑल’मध्ये एक ठेका, एक ओळ आणि एखादा गिटारचा तुकडा एवढाच ऐवज असल्यामुळे दुसऱ्या रचनेला आत शिरायला ऐसपैस जागा उरते. समीक्षकांनी ज्याला दारिद्र्य म्हटले, तेच मंचावर कामी आले. त्या ध्वनिमुद्रणाला २००९ मध्ये सर्वोत्कृष्ट इलेक्ट्रॉनिक/डान्स आल्बमचे ग्रॅमी मिळाले.

खर्ज:
तिहाई यांचे विवेचन पटण्याजोगे असले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मंचावरील जोडकाम उत्तम झाले, याचा अर्थ मूळ आल्बम उत्तम होता असा होत नाही; उलट, त्या रचनांना उभे राहण्यासाठी ‘डिस्कव्हरी’चा आधार घ्यावा लागला, असेही म्हणता येईल. हा आल्बम सुमारे सहा आठवड्यांत पूर्ण झाला, तर ‘डिस्कव्हरी’वर १९९८ ते २००० या काळात काम चालले होते. वेळ कमी लागला म्हणून कलाकृती आपोआप हीन ठरत नाही, हे खरे. परंतु ‘रोबोट रॉक’मध्ये ब्रेकवॉटर या बँडच्या १९८० सालच्या ‘रिलीज द बीस्ट’मधला तुकडा उचलून तो पावणेपाच मिनिटे जवळपास जसाच्या तसा फिरवला आहे. त्यात त्यांनी स्वतःची भर किती घातली, हा समीक्षकांचा प्रश्न २००५ मध्ये रास्त होता आणि आजही रास्तच आहे. (‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’मध्येही एडविन बर्डसाँग यांचा तुकडा आहेच, पण तिथे त्यातून नवे गाणे जन्माला येते.)

दुगुन:
मंद्रसप्तक, आपण हा आल्बम ‘डिस्कव्हरी’च्या मोजपट्टीने ऐकलात, घोळ तेथेच झाला असावा. गाण्यात काय नवे येते याची वाट न पाहता, तोच आवाज हळूहळू कसा बिघडतो याकडे लक्ष द्यावे. ‘द प्राइम टाइम ऑफ युअर लाइफ’च्या अखेरीस ठेका वेग घेत घेत अक्षरशः कोसळतो, ‘ऑन/ऑफ’ तर जेमतेम एकोणीस सेकंदांची खडखड आहे. शीर्षकात माणूस आणि आवाजात यंत्र, असा हा उघड उपरोध आहे. अर्थात ‘मेक लव्ह’ मलाही लांबलेले वाटते, आणि खर्ज यांचा ‘रोबोट रॉक’वरील आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. ‘टेक्नॉलॉजिक’ मात्र एकदा मोठ्या ध्वनिक्षेपकावर ऐकावे. त्यातील आज्ञार्थी क्रियापदांचा मारा छोट्या इअरफोनवर निव्वळ बडबड वाटतो, कारण त्याखालचा खर्जातला ठोका तिथे अर्धाअधिक हरवतो.

मंद्रसप्तक:
सर्वांचे आभार. काल ‘अलाइव्ह २००७’ ऐकून लगेच मूळ आल्बमकडे परतलो. ‘टेलिव्हिजन रूल्स द नेशन’ आता आवडू लागले आहे, पण मनातल्या मनात मी त्यावर ‘क्रेसेंडॉल्स’ वाजवत होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणजे तूर्तास खर्ज यांचेच पारडे जड आहे. ‘टेक्नॉलॉजिक’ मोठ्या ध्वनिक्षेपकावर ऐकणे अजून बाकी आहे.