मिखाएल बालाक: कमनशिबी की मोक्याच्या वेळी कच्चा?

तेरा नंबर
परवा एका ग्रुपवर कुणीतरी जर्मनीचा मधल्या फळीतला फुटबॉलपटू बालाक याला 'कायमचा उपविजेता' म्हणालं आणि डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

२००२ च्या वर्ल्ड कपातल्या जर्मन संघात गोलकीपर कान आणि बालाक सोडले तर धड होतं कोण? बाद फेरीतले फायनलपर्यंतचे तिन्ही सामने कसेबसे १-० नं काढले, त्यातले दोन गोल ह्याचे. अमेरिकेविरुद्ध हेडर. कोरियाविरुद्ध उजव्या पायाचा फटका गोलकीपरनं अडवला, परत आलेला चेंडू ह्यानं डाव्यानं आत घातला. त्या गोलच्या चारच मिनिटं आधी, ७१ व्या मिनिटाला, ली चुन-सूला पाडल्याबद्दल त्याला पिवळं कार्ड मिळालं होतं. आधीचं एक होतंच, आणि दोन झाली की पुढचा सामना बंद. म्हणजे आपली फायनल गेली हे कळल्यावर त्यानं संघाला फायनलमध्ये पोचवलं. योकोहामात ब्राझील २-० जिंकलं आणि हा गडी बाहेर बसून बघत होता. अशा माणसाला मोक्याच्या वेळी कच्चा म्हणायचं?

शनिवारपेठी
फाऊल शहाणपणाचा होता, मान्य. पण एका कार्डावर आख्खी कारकीर्द तारून नेऊ नका.

उन्टरहाखिंग विसरलात का? मे २०००. जर्मन लीगच्या शेवटच्या दिवशी बालाकच्या लेव्हरकुझेन क्लबला फक्त बरोबरी हवी होती. समोर म्युनिकच्या वेशीवरचा चिमुकला क्लब. बालाकनं चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला, सामना ०-२ गेला, अजिंक्यपद बायर्नला. दोन वर्षांनी पुन्हा तेच. तीन सामने उरलेले, पाच गुणांची आघाडी, तरी लीग एका गुणानं डॉर्टमुंडला. मग जर्मन कपची फायनल शाल्ककडून २-४, ग्लासगोला चॅम्पियन्स लीगची फायनल रेआल माद्रिदकडून १-२. इंग्लंडच्या चेल्सीत जाऊनही २००८ साली तोच पाढा: लीग कपची फायनल, लीग, मॉस्कोतली चॅम्पियन्स लीग फायनल, वर व्हिएन्नात स्पेनविरुद्ध युरोची फायनल. एकदा झालं तर नशीब म्हणू. किती वेळा म्हणायचं?

तालमीचा पोरगा
मॉस्कोत चेल्सीची पहिली पेनल्टी बालाकनंच मारलीया आणि आत घातलीया भावा. पेनल्टी मारताना घसरला त्यो चेल्सीचा टेरी. त्याचं बिल ह्याच्या नावावर कशाला?

शनिवारपेठी
बरं, मॉस्को वगळा. यादी तरी लांबच राहते.

म्युनिकवासी
इथं राहून अकरा वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

जिंकलेलं कुणी मोजतच नाही. १९९८ साली कायझर्सलाउटर्न खालच्या विभागातून वर आल्या आल्या बुंडेसलीगा जिंकलं, त्या संघात तरुण बालाक होता. बायर्नमध्ये चार मोसम, त्यात लीग आणि कप असा दुहेरी मान तीनदा: २००३, २००५, २००६. चेल्सीकडून २०१० साली पुन्हा लीग आणि एफए कप. वर्षाचा सर्वोत्तम जर्मन फुटबॉलपटूही तीन वेळा. ही उपविजेत्याची यादी दिसते का? देशासाठी ९८ सामन्यांत ४२ गोल, तेही मधल्या फळीतून. मागून उशिरा गोलसमोरच्या पेटीत घुसायचा आणि डोक्यानं चेंडू घालायचा, हे त्याच्याइतकं नेमकं जमणारे फार थोडे.

माझ्या मते त्याचं खरं दुखणं वेगळं आहे. तो जुन्या वळणाचा कर्णधार होता, ओरडणारा, सगळं आपल्यावरून जायला हवं असं वाटणारा. खालची पोरं बदलली होती. २००९ ला वेल्सविरुद्ध भर सामन्यात संघातल्याच पोडोल्स्कीनं कर्णधाराच्याच थोबाडीत मारली, आठवत असेल. मग मे २०१० मधली एफए कपची फायनल, समोरच्या संघातल्या केव्हिन-प्रिन्स बोआटेंगचा तो टॅकल, घोटा गेला, वर्ल्ड कप गेला. दक्षिण आफ्रिकेत त्याच्या जागी संघातल्या लामनं कर्णधाराचा पट्टा बांधला आणि स्पर्धा चालू असतानाच सांगून टाकलं की तो आपणहून सोडायचा नाही. बालाक पुन्हा जर्मनीकडून खेळलाच नाही. २०११ ला ब्राझीलविरुद्धची मॅच निरोपाची म्हणून देऊ केली, ती ह्यानं नाकारली. शंभराला दोन कमी राहिले ते राहिलेच.

शनिवारपेठी
तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! ह्याच्याशिवाय त्या पोरांनी इंग्लंडला ४ आणि अर्जेंटिनाला ४ घातले. तो असता तर मधल्या फळीतल्या तरुण ओझिलला एवढी मोकळीक मिळाली असती का?

तेरा नंबर
आणि उपांत्य फेरीत स्पेनकडून ०-१. पुयोलचा हेडर, कॉर्नरवरून. हवेतल्या चेंडूवर त्या दिवशी कोणाची उणीव भासली ते मी सांगायला नको. जर-तर आहे हे, पण तुमचा ओझिलही जर-तरच.

आणखी एक. २०१० पासून वर्ल्ड कपात उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेकटी पिवळी कार्डं पुसतात. आजच्या नियमानं बालाक योकोहामात खेळला असता.

सायली
खेळला असता तरी समोर ब्राझीलचा रोनाल्डो होता. पण निदान हरला तरी मैदानात हरला असता.

शनिवारपेठी
कार्ड पुसण्याचं माझ्या लक्षात नव्हतं. २००२ चा वर्ल्ड कप माझ्या यादीतून काढतो.

उन्टरहाखिंग काढणार नाही.

तालमीचा पोरगा
काढू नगा. त्यो गोल बघून आमच्या आज्जीबी हसल्या असत्या.