मदत हवी आहे: सड्यावर विज्ञानाचा तास

नमस्कार मंडळी. सातवीच्या मुलांना खडक आणि प्राण्यांची विविधता हे दोन्ही गावाजवळच्या सड्यावरच (उघड्या खडकाळ पठारावर) शिकवायचंय. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, वर त्याच्याच झिजेतून झालेला तांबडा, भोकाभोकांचा जांभा. पावसात ओला दगड उचलला की कधी देवगांडूळ वळवळताना दिसतं. मुलं त्याला गांडूळच समजतात. पण त्याला पाठीचा कणा असतो, ते बेडकासारखं उभयचर! प्राण्याला हात न लावता हे कसं पटवावं? सांगाड्याचं स्पष्ट चित्र कुणाकडे आहे का? शिवाय, जांभा होताना सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) वाहून जाते, लोह मागे उरतं. हे वर्गात दाखवणारा सोपा प्रयोग कुणी केलाय का? कृपया सविस्तर सांगा.