एल ग्रेड घेतलं म्हणजे झालं असं नाही

एका भाऊंनी लिहिलंय की ३१६एल, म्हणजे कमी कार्बनचं स्टेनलेस स्टील, घेतलं की अणुवीज केंद्राच्या रिअ‍ॅक्टरच्या पाण्यात क्रॅकची काळजी नाही, पण हे अर्धंच खरं आहे हो. कार्बन कमी म्हणून वेल्डजवळ क्रोमियम कार्बाइड होत नाही (ते झालं की आजूबाजूचं क्रोमियम कमी होऊन क्रॅक धरतो), मान्य, पण पाइप थंडाच वाकवला किंवा जोरात ग्राइंडिंग केलं की तो भाग कडक होतो, आत ताण राहतो आणि २८८ डिग्रीच्या ऑक्सिजनवाल्या पाण्यात क्रॅक तिथूनच धरतो, जपानमध्ये ३१६एलच्या श्राउडला (रिअॅक्टरच्या गाभ्याभोवतीचं नळकांडं) अशाच मशीनिंगच्या कडक थरातून क्रॅक गेलेत. इथे मकरपुऱ्यात (वडोदरा) वर्कशॉपवर ३०४ या दुसऱ्या स्टेनलेस स्टीलचा वाकवलेला तुकडा बघा, सरळ भागाला लोहचुंबक चिकटत नाही, वाकलेल्या भागाला मात्र हलकं ओढतं, म्हणजे तिथे मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलचं कडक, चुंबकाला चिकटणारं रूप, झालंय. ३१६ला हे फार कमी होतं, म्हणून निव्वळ चुंबकावर जाऊ नका, हार्डनेस (कडकपणा) मोजाच.