पीएच ४ आणि ६ यांत ‘दीडपट’ फरक नाही

पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकं द्रावण जास्त आम्ल. वर कोणीतरी लिहिलंय की पीएच ४ चं द्रावण ६ पेक्षा ‘दीडपट आम्ल’. तसं नाही हो! ही पट्टी लॉगची, म्हणजे दहाच्या पटींची आहे. एक अंक खाली आलात की हायड्रोजन आयन दहापट, म्हणजे इथे फरक शंभरपट. १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती मांडल्यामुळे दशांशापुढची शून्यं मोजणं वाचलं. आणि ७ म्हणजे उदासीन (ना आम्ल, ना अल्कली) हे २५ अंश सेल्सिअसला. १०० अंशांच्या शुद्ध पाण्याचा पीएच साधारण ६.१ असतो, तरी ते उदासीनच.

मुलांना आम्ल-अल्कलीचा फरक दाखवायचा तर दारातल्या लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. त्यात गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारातलं माडाचं व्हिनेगर घातलं की गडद गुलाबी, खायचा सोडा घातला की हिरवट. कोकमाचं आगळ मात्र नको, ते मुळातच लालभडक.