चौदा वर्षांचा मुलगा रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही. आळस की अजून काही?

निशाचराची_आई:
गेल्या वर्षापर्यंत दहाला आडवा झाला की ढाराढूर, आता साडेबारा वाजले तरी टक्क जागा. सकाळी सहाला उठवायचं म्हणजे रोजची लढाई आहे हो, पांघरूण ओढा, लाइट लावा, पंखा बंद करा, "उठलोय गं" म्हणतो आणि बसल्या बसल्या परत झोपतो, परवा एक मोजा पायात नि दुसरा हातात धरून घोरत होता. मग आरडाओरडा, मग तो काही न खाताच निघतो. रविवारी बारापर्यंत लोळतो. ह्यांचं म्हणणं नुसता आळस आहे, फोन काढून घे. पण फोन नसला तरी छताकडे बघत पडलेला असतो, मी बघितलंय.

अर्धी_झोप:
ताई आळस नाहीये हा. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं, घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं. त्याला दहाला झोप म्हणणं म्हणजे तुम्हाला आठला झोप म्हणणं. गरज मात्र तेवढीच राहते, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास, आणि त्याला साडेपाच मिळतायत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, कॅलिफोर्नियात २०२२ पासून मोठ्या मुलांच्या बहुतेक शाळांना तसा कायदाच आहे. आपल्या हातात शाळेची वेळ नाही, पण येता जाता आळशी म्हणणं तरी बंद करा.

बापमाणूस:
हार्मोन वगैरे सगळं मान्य, पण म्हणून फोनला क्लीन चिट देऊ नका राव. आधीच झोप उशिरा येते त्यात ग्रुपवर बाराला गप्पा रंगतात, मग एकच वाजणार. आमच्याकडे रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझा पण, नाहीतर "तुमचा कुठाय" हे ऐकावं लागतं. "गजर लावायला फोन लागतो" ही पळवाट येणारच, साधं गजराचं घड्याळ आणा आणि हात पोचणार नाही असं ठेवा.

अर्धी_झोप:
फोन बाहेर हे बरोबरच. पण खरी गोम रविवारात आहे. बाराला उठलेलं पोर रात्री अकराला झोपेल कसं? सोमवार मग मेलाच. सुट्टीला तास-दीड तास जास्त झोपू दे, त्यापुढे नको. उठल्या उठल्या पडदे उघडा, बाहेर उजेडात पाठवा, सकाळच्या उजेडाने घड्याळ मागे यायला मदत होते. आणि संध्याकाळी चहा-कॉफी किंवा झोप होते का?

निशाचराची_आई:
संध्याकाळची झोप!! क्लासहून आला की दोन तास गाढ. उठवायला गेलं की सासूबाई, "लेकरू दमलंय, झोपू दे गं". आता त्यांना कोण सांगणार.

मावशीबाई:
त्यांनाच सांगा की वीस मिनिटांनी तुम्हीच उठवा, आजीने उठवलं की पोरं खेकसत नाहीत 😄 रात्रीची वेळ एकदम दहावर आणू नका, दर दोन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. आणि एक बघा, झोपेत जोरात घोरून मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, किंवा मित्र, खेळ सगळ्यातूनच मन उडालंय का? तसं असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

निशाचराची_आई:
नाही नाही, खेळायला पहिला पळतो, घोरणं पण बसून झोपला तरच. सासूबाई उठवायला तयार झाल्यात. रविवारचा सौदा चालू आहे, मी आठ म्हणतेय, तो साडेदहावर अडून बसलाय.