पावती मिळाली, पण 10बीई प्रमाणपत्र मागितलं का?

वृद्धाश्रमाला देणगी म्हणून दिलेल्या 10,000 रुपयांची छापील पावती आयकरातल्या वजावटीला पुरेल का, असा प्रश्न एकाने विचारलाय. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे मिळालेल्या देणग्यांचं 10बीडी हे विवरण भरायचं आणि तुम्हाला 10बीई प्रमाणपत्र द्यायचं, असा नियम आहे. त्यावरचा देणगी संदर्भ क्रमांक (एआरएन) रिटर्नमध्ये लागतो. हाती आलं की आपला पॅन अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तरी नोंद तुमच्या नावावर दिसत नाही. मग संस्थेकडून सुधारित विवरण भरून घ्यावं लागतं, म्हणून जुलैपर्यंत थांबू नका.

रोख 2,000 च्या वर दिलं असेल तर त्यावर वजावट नाही. धान्य, कपडे, औषधं यांवरही नाही. ती जरूर द्या, फक्त आधी फोन करून काय हवंय ते विचारा; संस्थांकडे जुन्या कपड्यांचे ढीग असतात आणि वीजबिलाला पैसे नसतात.

नवी करप्रणाली घेतली असेल तर 80जी, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्यातली देणगीवरची वजावट, मिळतच नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांना 50 टक्के, म्हणजे 10,000 वर 5,000 ची वजावट. 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 1,040 रुपये वाचतात. एवढ्यासाठी संस्था निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ताळेबंद मागा, जमलं तर एकदा जाऊन या. हिशेब मोकळेपणाने दाखवणारी लहान संस्था सापडली तर दरवर्षी तिलाच द्या. दरमहा ठरलेली रक्कम आली की त्यांना पगाराची तजवीज करता येते.