वेचणीच्या दिवसांत अर्धशिशी : गोळीशिवाय काय करता येते?

वणीकर
वहिनीला अर्धशिशी आहे, निदान डॉक्टरांनीच केलं. कापूस वेचणी लागली की आठवड्यातून दोनदा डोकं उठते, उजेड सहन होत नाही, उलट्या होतात. सकाळी सातला काळा चहा घेऊन निघते, जेवण थेट दोनला. दर वेळी गोळी नको वाटते. आणखी काय करता येईल?

परिचारिका, दारव्हा
सात ते दोन उपाशी, आधी हे थांबवा. निघण्याआधी अर्धी भाकर आणि वरण पोटात जायलाच हवं. दहाला मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. कापसाने ओटी भरली की ती रिकामी करायला धुऱ्यावर यावंच लागते, तेव्हा दर खेपेला ग्लासभर पाणी प्यावं. तहान लागायची वाट पाहू नये. चहा एकदम बंद करू नका, त्यानेही डोकं उठते. दोन कप, ठरल्या वेळी, पण रिकाम्या पोटी नाही.

सारख्या जांभया, मान आखडणं, चिडचिड या बऱ्याचदा आधीच्या खुणा असतात. तेव्हाच सावलीत बसून खावं-प्यावं. दुखणं चढल्यावर अंधाऱ्या खोलीत पडावं आणि माठातल्या पाण्याची ओली घडी कपाळावर व मानेमागे 15 मिनिटं ठेवावी. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळूनच, नाहीतर कातडी पोळते. डोक्याला दुपट्टा करकचून बांधतात, त्या दाबानेही दुखू शकते; उन्हासाठी सैल बांधा. झोपायची-उठायची वेळ बाजाराच्या दिवशीही तीच ठेवा.

औषधवाला
घरच्या कॅलेंडरवर डोकं उठलं ती तारीख, पाळी, चुकलेलं जेवण आणि घेतलेली गोळी लिहा. साधी वेदनाशामक महिन्यात 15 दिवस, किंवा मिश्र गोळी (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) 10 दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली तर गोळीनेच डोकं दुखायला लागते. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला आठ-नऊ दिवस झाले. तेव्हा ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांना दाखवा, दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात.

परिचारिका, दारव्हा
एक राहिलं. फवारणीनंतर डोकं दुखून दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर ती अर्धशिशी नव्हे, विषबाधा समजा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. एकाएकी असह्य ठणका, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, तापासोबत मान ताठ होणं, यातही थांबू नका, 108 ला फोन करा.